शटर साठावर

"लाल," कांतीशेठ म्हणाले. "बाईंचा सूट माझ्या तिखटाइतका लाल आला पाहिजे. आणि आकाश निळं. मागच्या वेळेसारखं पांढरट नको."

असं म्हणून त्यांनी मिरची पुडीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. 'रणरागिणी मसाले', दोनशे ग्रॅम. नमुन्यादाखल! म्हणजे मी दहा हजार फुटांवरून खाली पडताना एका हातात पाकीट धरून रंग जुळवत बसणार होतो. पण बोलतो कशाला? "होय शेठ," म्हटलं आणि पाकीट खिशात घातलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी फौजेतून नुकताच सुटलो होतो. सतरा वर्षं पॅराशूटवाल्या पलटणीत काढलेली, पाचशेवर उड्या मारलेल्या, आणि गावी येऊन काय करायचं, तर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं! त्यापेक्षा ही नोकरी झकास होती. खासगी धावपट्टी, एक लहानसं विमान आणि पैसे भरून उड्या मारायला येणारे हौशी लोक. पाहुण्याला आमच्या एका तरबेज माणसाच्या छातीशी पट्ट्यांनी जखडायचं, वर न्यायचं आणि दोघांनी मिळून एकाच पॅराशूटनं उतरायचं. मी त्यांच्यासोबत डोक्यावर कॅमेरा बांधून उडी घ्यायचो आणि पडता पडता त्यांचे फोटो काढायचो. उडी मारणं मला येत होतं. फोटो काढणं येत नव्हतं, आणि हे आमचे मालक निंबकर यांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

शेठ जरा लांब गेल्यावर निंबकरांनी मला बाजूला घेतलं.

"निकम, मागच्या महिन्यातले फोटो मी पुन्हा पाहिले. धुवून धुवून विटलेल्या पायजम्यासारखे आहेत. आज तसं झालं तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. राग मानू नका."

"राग कसला साहेब."

"आणि एक लक्षात ठेवा. शेठना उडी नकोय, होर्डिंग हवंय. फोटो मिळणार नसेल तर उडी नाही. ढग आले, काही झालं, तर सरळ विमानात बसूनच खाली या. लोपीसला पण सांगितलंय."

राग आला होता. निंबकरांवर नाही, त्या कॅमेऱ्यावर. एवढंसं डबडं, आणि माझी रोजीरोटी त्याच्या हातात! मी शेडच्या मागं गेलो आणि कराडला अत्तार मास्तरांना फोन लावला. मास्तरांचा तिथे चाळीस वर्षांचा फोटो स्टुडिओ. मला जे काही थोडंफार येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं, आणि प्रत्येक वेळी शिव्या घालून.

"मास्तर, लाल रंग कसा आणायचा?"

"आधी सांग, मागच्या वेळी कॅमेरा कशावर होता?"

"ऑटोवर."

"गाढवा! खाली काळी जमीन दिसली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला. मग घेतो भसाभसा उजेड आत. सगळं पांढरंफटक होणार नाही तर काय? मॅन्युअलवर टाक. लिहून घे. शटर हजार, आयएसओ दोनशे, अ‍ॅपर्चर आठ. रंगांत व्हिव्हिड निवड. लाल फार लवकर फाटतो, म्हणून उजेड एक चिमूट कमीच ठेवायचा. आणि ऊन बाईंच्या तोंडावर पाहिजे, पाठीवर नको."

"शटर हजारच कशाला?"

"अरे, वरून दगडासारखे पडताय तुम्ही. हजार म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच शटर उघडणार. पाचशेच्या खाली आलास की सगळं हाललं म्हणून समज. हजारवर कसं, गालाची कातडी लाटा मारत असली तरी फोटोत गोठून जाईल."

"आणि विमानाच्या आत?"

"आत हजारवर काढलास तर कोळसा येईल. आत साठावर उतर, आयएसओ आठशे कर. बाहेर पडायच्या आधी पुन्हा हजार, आणि सेटिंगच्या चकतीवर चिकटपट्टी मार. हवेत हात लावायला मिळत नाही ना तुला?"

"नाही."

खरंच नाही मिळत. हवेत हातांनी तोल सांभाळायचा असतो. कॅमेऱ्याचं बटण दातांत. गालावरून एक बारीक वायर वर कॅमेऱ्यापर्यंत गेलेली. चावलं की फोटो. जी काही अक्कल वापरायची ती दार उघडायच्या आधी. एकदा पट्टी लावली की ते सेटिंग आणि तुम्ही.

"आणि हणमंता," मास्तर म्हणाले, "खराब फोटो उडवायच्या आधी का खराब झाला ते बघत जा. नुसता उडवून शहाणपण येत नाही."

मी सगळं हाताच्या पंज्यावर पेननं लिहिलं.

दहाच्या सुमाराला पाहुण्या आल्या. दोन जीप भरून! पुढच्या जीपवर कापडी बॅनर: 'विजयमाला जगदाळे यांचे हार्दिक अभिनंदन. आकाशाला गवसणी.' मसाल्याच्या पाकिटातली कुपनं गोळा करून पाठवायची होती, फक्त महिलांसाठी, आणि सोडतीत पहिला नंबर यांचा निघाला होता. बक्षीस: विमानातून उडी. नवरा दिनकरराव जीप थांबायच्या आधीच खाली उतरला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाइल, तोंडाचा पट्टा सुरू.

"वाघीण हाय आमची! आख्ख्या तालुक्यात न्हाई कुणाची बायको विमानातनं उडी मारणारी. परवा आमदारांच्या पीएला सांगितलं, ते म्हणाले फोटो धाडा."

मागून विजयमालाबाई उतरल्या. चाळिशीच्या, ठेंगण्याशा, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. भावकीतली दहाबारा माणसं त्यांच्याभोवती कडं करून उभी. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं त्यांना साडीवरून सूट कसा चढवायचा म्हणून आत नेलं आणि पंजाबी ड्रेसवर लाल सूट चढवून बाहेर आणलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हसून हात जोडले.

मी कप-बशीत चहा नेऊन दिला. त्यांनी थोडा बशीत ओतला, आणि बशी ओठांपर्यंत नेता नेता अर्धा चहा सूटवर सांडला.

"अहो ताई!" मी खेकसलोच. "डाग पडला की. फोटोत दिसेल."

"चुकलं भाऊ. लई भरली वाटतं बशी."

बशी काही भरलेली नव्हती. पण माझं लक्ष डागावर. ओलं फडकं आणून तो पुसत बसलो. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, दुसरं बक्षीस काय होतं ठाऊक हाय का?"

"नाही."

"फ्रिज. लोणंदच्या एका बाईला लागला. मी कुपनं त्याच्यासाठी धाडत होते. म्हणजे, हेच धाडत होते माझ्या नावानं. पण मला वाटायचं फ्रिज लागावा."

"अहो, फ्रिज काय कुणालाही मिळतो," मी म्हणालो. "हे नशिबात लागतं."

"व्हय की," त्या म्हणाल्या.

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट. शटर हजार, आयएसओ दोनशे, अ‍ॅपर्चर आठ.

विमानाकडे निघताना सासूबाई पुढं आल्या. कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी सुनेला ओवाळलं, विमानाच्या पंख्याला कुंकू लावलं, नारळ फोडायला दगड मिळेना म्हणून तो लोपीसच्या पायाशी डांबरावर आपटला. लोपीस म्हणजे आमचा सगळ्यात जुना माणूस, वसईचा, दोन हजारांवर उड्या. बाई त्याच्याच छातीशी बांधल्या जाणार होत्या.

"नीट आणा हो माझ्या सुनेला," सासूबाई त्याला म्हणाल्या.

"आणतो आजी. विमानात एकदा बसलं की उतरायचा रस्ता एकच," लोपीसनं नेहमीचा विनोद केला. सगळे हसले. बाई पण हसल्या.

आमचं विमान म्हणजे आत मारुती कारपेक्षा लहान. पायलटची सोडून सगळ्या खुर्च्या काढलेल्या. लोपीस मागच्या भिंतीला टेकून बसला, त्याच्या पुढ्यात त्याच्याकडे पाठ करून बाई, आणि त्यांच्या समोर, दाराला खेटून, मी. माझे गुडघे बाईंच्या गुडघ्यांना लागत होते. पाय लांब करायला जागा नाही, उठून उभं राहायला जागा नाही. इंजिनाचा आवाज असा की एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं. दहा हजार फूट चढायला पंचवीस मिनिटं लागायची, आणि ती पंचवीस मिनिटं समोरच्याच्या तोंडाकडे बघत काढायची.

चाकं सुटली. खिडकीतून बॅनर दिसला, माणसं हात हलवत होती. बाईंनी बघितलं आणि मान आत घेतली.

आमच्याकडे एक रिवाज होता. विमान वर निघालं की पहिला फोटो अंगठ्याचा. पाहुण्यानं कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि अंगठा वर करायचा. निंबकर तो फोटो छापून पाहुण्याच्या सहीच्या कागदाला जोडून ठेवत. म्हणजे उद्या कुणी काही म्हणालं तर पुरावा, की माणूस हसत हसत गेला.

मी हेल्मेट हातात घेतलं, त्यावरचा कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. शटर साठावर.

"ताई, हसा! अंगठा!"

त्या लगेच हसल्या. चांगलं मोठं, लग्नातल्या फोटोसारखं. अंगठा वर. मी फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर बघितला. अंगठ्याच्या जागी नुसता गुलाबी फराटा.

"हाललं," मी लोपीसला ओरडून सांगितलं. "परत एकदा!"

शटर एकशे पंचवीस केलं, आयएसओ वाढवला. "ताई, अंगठा!" पुन्हा तेच हसू, तोच अंगठा. फोटो बरा आला, पण अंगठ्याला अजून दोन कडा.

अडीचशे केलं. "शेवटचा, ताई!"

या वेळी अंगठा असा आला, असा स्वच्छ, की नखावरच्या रंगाचे टवकेसुद्धा मोजता यावेत. वा रे पठ्ठ्या! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मास्तरांना दाखवला असता तर त्यांनीसुद्धा शिवी दिली नसती. पडदा बाईंच्या पुढं धरला. "बघा कसल्या झकास आल्यात!"

त्यांनी बघितलं. "चांगला हाय," म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, ओठ दिसले.

आठ हजार फुटांवर लोपीसनं त्यांना पट्ट्यांनी स्वतःशी जोडून घेतलं. चार कड्या, एकेक करून. प्रत्येक कडी लागली की तो पट्टा हिसडून बघायचा, आणि बाईंचं आख्खं अंग त्या हिसक्याबरोबर मागं जायचं. चौथ्या कडीनंतर त्यांना पुढं वाकणंही शक्य नव्हतं.

"बरं वाटतंय ना?" लोपीसनं त्यांच्या कानात विचारलं.

"हो," म्हणून त्यांनी मान हलवली.

लोपीस वाईट माणूस नव्हता. कुणी नको म्हणालं तर त्यानं जबरदस्तीनं कधीच नेलं नसतं. पण तो बसतो पाठीमागं. त्याला दिसतात फक्त केस आणि कान. पाहुण्याचं तोंड कुणाला दिसतं, तर कॅमेऱ्याला. आणि कॅमेरा समोर आला की माणूस हसतो. सवयच असते.

दार उघडायला पाचेक मिनिटं उरली असतील. मी कॅमेरा बाहेरच्या सेटिंगवर आणायला घेतला. शटर हजार, आयएसओ दोनशे. चिकटपट्टी मनगटावर आधीच फाडून लावलेली. म्हटलं, कार्डावरचे ते दोन फसलेले अंगठे उडवून टाकू, निंबकरांच्या नजरेला पडायला नकोत. पहिला फोटो उघडला, आणि मास्तरांचं बोलणं आठवलं. का खराब झाला ते बघ.

म्हणून मोठा करून बघितला.

लोपीसची दाढी दिसली. एकेक केस वेगळा. बाईंच्या छातीवरच्या कडीवर कंपनीचं नाव कोरलेलं, तेही वाचता येत होतं. कपाळावरचं कुंकू गोल, काठ स्वच्छ. विमान हाललं असतं तर हे सगळं हाललं असतं. माझा हात हालला असता तरी सगळं हाललं असतं. हाललं काय होतं, तर एक अंगठा आणि मनगटातल्या बांगड्या.

सेटिंग चुकलंच नव्हतं.

बाईंचा हात लटलटत होता. एकदा नाही, तीनदा. तीन वेळा मी त्यांना हात वर करायला लावला, दोन वेळा कॅमेऱ्यानं मला दाखवलं, आणि मी काय केलं? मी शटर वाढवलं. ते थरथरणं दिसेनासं होईपर्यंत वाढवत गेलो आणि वर स्वतःची पाठ थोपटली!

मग सकाळची बशी आठवली. फौजेत पहिल्या उडीला मीही घाबरलो होतो. पण मी तिथे स्वतःच्या पायांनी गेलो होतो.

मी पुढं झुकलो. "ताई! खाली जायचं का? विमानात बसूनच?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, हसल्या आणि अंगठा वर केला.

मी हेल्मेट उलटं करून कॅमेरा मांडीत दाबला. "आता फोटो नाही. खरं सांगा. नको असेल तर नुसतं नको म्हणा. लोपीस लगेच सोडवेल."

त्यांचं हसू गेलं. पहिल्यांदाच गेलं सकाळपासून. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. खाली काही दिसण्यासारखं नव्हतं, नुसते शेतांचे तुकडे.

"सगळे आलेत हो," त्या म्हणाल्या.

एवढंच. नको म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणताच येत नव्हतं. तिथं वर 'नको' म्हटलं असतं तर खाली उतरून नवऱ्याला, भावकीला, आमदारांच्या पीएला, सगळ्यांना तोंड द्यावं लागलं असतं, आणि जन्मभर. लोपीसला मी ओरडून सांगितलं असतं की बाई घाबरल्यात, तरी खाली तेच नाव झालं असतं. घाबरली. माघारी आली. आणि त्यांच्या पुढं उघडं व्हायला एकच दार होतं, माझ्या कुशीशी.

"दोन मिनिटं!" पायलट ओरडला.

मी हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा आवळला. बटण तोंडात घेतलं. लोपीस चष्मा नीट करत होता. मी तोंड दाराच्या काचेकडे केलं, बटणाच्या मागची वायर जिभेनं दाढेखाली ओढली आणि चावली. एकदा चावून तुटेना. चायला, एरवी हात लावला तरी तुटते! पुन्हा चावली, मान हिसडली. तांब्याची तार ओठात घुसली, तोंडात रक्ताची चव आली. तिसऱ्यांदा दाढ दाढेवर आपटली.

नोकरी गेली, एवढं त्या वेळी कळलं. बाकी काही विचार केला नाही.

"कॅमेरा गेला!" मी ओरडलो. "बटण चालेना!"

"काय?"

"बटण! फोटो निघत नाही! रद्द करा!"

लोपीसनं पुढं झुकून माझ्या गालावर लोंबणारी वायर हातात घेतली. टोक बघितलं. मग माझा ओठ बघितला, ओठातून आलेलं रक्त बघितलं. मग त्यानं मान वाकडी करून, इतक्या वेळात पहिल्यांदा, बाईंच्या तोंडाकडे बाजूनं बघितलं. बराच वेळ बघितलं. पायलटच्या खांद्यावर थाप मारून त्यानं हातानं खालची खूण केली आणि एकेक कडी सोडवायला लागला.

उतरायला वीस मिनिटं लागली. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

दार उघडलं तेव्हा आख्खी भावकी धावत आली. वरून पॅराशूट येणार म्हणून सगळे माना वर करून बसलेले, आणि विमानातून आम्ही तसेच उतरलो.

"काय झालं? काय झालं?" दिनकरराव.

"कॅमेऱ्यात बिघाड," मी म्हणालो.

निंबकरांनी माझ्या डोक्यावरून हेल्मेट जवळजवळ ओढूनच घेतलं. वायर बघितली. "ही कुरतडलीय, निकम. उंदरानं खाल्ल्यासारखी."

"असेल साहेब. शेडमध्ये उंदीर आहेतच."

"उंदीर बराच मोठा होता," लोपीस शांतपणे म्हणाला आणि पॅराशूट काढायला निघून गेला.

निंबकरांनी माझ्या ओठाकडे बघितलं. त्यांना कळलं असणार. पण शेठ उभे होते. ते शेठकडे वळून म्हणाले, "काळजी नको. दुसरी वायर ऑफिसात आहे. पंधरा मिनिटांत जोडतो, पुन्हा वर पाठवतो. ऊन अजून छान आहे."

संपलं! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसरी वायर! मी स्वतःच ती गेल्या आठवड्यात मागवून घेतली होती. दिनकररावांनी टाळी वाजवली. "वा! चला, परत एकदा आरती करा!"

मी बाईंकडे बघितलं. त्या सुटाची चेन धरून उभ्या होत्या. मग त्या अशा काही फिरल्या माझ्यावर, की मी दोन पावलं मागं गेलो.

"फौजी म्हणं फौजी! एक वायर सांभाळता येत न्हाई? सकाळपासनं उपाशी हाय मी! एवढ्या लांबनं माणसं आणली, गावात पेढे वाटलेत, आणि तुम्ही मला वर नेऊन माघारी आणता? लाज वाटती का न्हाई? माझ्या उडीचं वाटोळं केलं तुम्ही!"

"चुकलं ताई."

"चुकलं काय चुकलं! मी काय रोज रोज येणार हाय का?"

बाईंचा आवाज धावपट्टीच्या त्या टोकाला ऐकू जात असेल. मी मान खाली घालून उभा. शिव्या मला नव्या नव्हत्या, सुभेदार मेजरच्या खाऊन मोठा झालेलो. पण या लागल्या. वाटलं, आपण चुकलो की काय? बाईंना खरंच उडी मारायची होती, आणि आपण शहाणपणा करून त्यांचा दिवस घालवला, वर नोकरीही घालवली?

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला.

"आत्या, तुम्ही ओवाळून धाडलं होतं मला. आणि मी माघारी फिरले. आता तुम्हीच सांगा काय करायचं ते."

म्हातारीच्या हातात ताट तसंच होतं. तिनं विमानाकडे बघितलं, पंख्यावरच्या कुंकवाकडे बघितलं.

"न्हाई चढायचं," ती म्हणाली.

"अगं आई, पंधरा मिनिटांत वायर..."

"तू गप ऱ्हा दिनकर. ओवाळून धाडलेलं माणूस माघारी फिरलं म्हंजे देवानं अडवलंय. आज न्हाई, उद्या न्हाई. माझी सून परत त्यात बसायची न्हाई. तुला हौस असंल तर तू जा."

भावकीतल्या दोघांतिघांनी माना डोलावल्या. दिनकररावांनी विमानाकडे बघितलं, मग मोबाइलकडे बघितलं. कांतीशेठ जरा वेळ तणतणले, मग होर्डिंगसाठी पुण्याची कुठली तरी मॉडेल बघू म्हणाले. बाईंना मसाल्याचा एक खोका दिला आणि गाडीत बसले.

निंबकर माझ्याजवळ आले. "उद्यापासून नका येऊ," एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. हेल्मेट, कॅमेरा, तुटकी वायर, सगळं घेऊन ऑफिसात गेले आणि टेबलावर ठेवलं. उघड्या दारातून मला ते दिसत होतं.

माझी पिशवी घ्यायला मी शेडकडे गेलो. बाहेरच्या बाकावर विजयमालाबाई बसल्या होत्या. लाल सूट उतरवलेला, पुन्हा साडी. बाकीचे जीपमध्ये सामान चढवत होते. सासूबाई शेजारी बसून कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. मी नजर चुकवून पुढं निघालो होतो.

"अहो, चहा हाय का शिल्लक?" त्यांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा रागीट आवाजात विचारलं. "का त्यो पण बिघडला?"

मी किटलीतला गरम करून आणला. कप-बशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कप कलता करून चहा बशीत ओतला. ओतत गेल्या, ओतत गेल्या, बशी काठोकाठ भरेपर्यंत. मग ती पाचही बोटांवर तोलून सावकाश वर नेली, फुंकर घातली, आणि एका दमात सगळी पिऊन टाकली. एक थेंब सांडला नाही.

तो हात मी साठावर काढला असता तरी स्वच्छ आला असता. पण कॅमेरा आत निंबकरांच्या टेबलावर होता.